बंगळूरच्या हवेतले चिरोटे

चिरोटे करायला बसशील त्या दिवशी दुसरं काही ठरवू नकोस. मीटिंग नको, पाहुणे नकोत, ‘तोवर मशीनला कपडे लावून येते’ हेसुद्धा नको. या पदार्थात हाताला काम थोडं आणि थांबणंच जास्त. ज्याला थांबणं जमत नाही त्याने शंकरपाळे करावेत. तेही चांगले लागतात.

तू वही मागितलीस, तर वही देईनच. माझ्या सासूबाईंच्या हातची आहे, पानं पिवळी पडलीत, कडांना तुपाचे डाग आहेत. चिरोट्यांच्या पानावर जेमतेम चार ओळी: मैदा इतका, मोहन इतकं, साटा बेताने, मंद तळणे. तुझ्या आईकडे कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आहे, 1970 साली पहिल्यांदा निघालेली. वाटी-चमच्याची मापं देऊन त्या बाईंनी आमच्या वेळच्या नवशिक्या सुनांवर उपकारच केले. पण वही काय नि पुस्तक काय, हे चिरोटे तू बंगळुरात करणार आहेस हे त्यांना कुठून कळणार? सासूबाईंची वही बेळगावची. तिथलं तूप म्हशीचं, आणि दसरा झाला की पाऊस सहसा आटोपलेला. इथे तूप गाईचं, रवा निराळा, गाव आणखी उंचावर आणि दिवाळीत पाऊस. म्हणून मापं वहीतून खुशाल घे, पण ‘झालं का?’ हे वहीला विचारू नकोस. ते पिठाला, तुपाला आणि कढईला विचारायचं. त्याच्या खुणा सांगते.

पिठाचं लवकर उरकते. इथल्या किराणा दुकानात नुसतं ‘रवा द्या’ म्हणालीस तर दुकानदार विचारेल, कुठला? उपम्याचा तो बॉम्बे रवा. जाड, पिवळसर तो बन्सी रवा. आणि अगदी बारीक, जवळजवळ पिठाला टेकलेला तो चिरोटी रवा. होळिगेची पारी इथे याचीच करतात, आणि आपल्यालाही हाच हवा. 2 वाट्या मैद्याला अर्धी वाटी चिरोटी रवा घाल. वहीत रवा नाही, तो मी इथे आल्यावर घातला. त्याने चिरोटा दाताखाली जास्त वेळ खुसखुशीत राहतो आणि पाकात घातला तरी लगेच लेचापेचा होत नाही. चिमूटभर मीठ घाल, 2 मोठे चमचे तूप कडकडीत तापवून मोहन घाल, आणि मोहन पिठाला नीट चोळ. मूठ दाबल्यावर पिठाचा मुटका झाला पाहिजे आणि बोटाने ढकलल्यावर फुटला पाहिजे. मग निम्मं दूध, निम्मं पाणी घेऊन घट्ट भिजव. पुरीच्या कणकेइतकं घट्ट चालेल, त्याहून सैल नको. ओल्या फडक्याखाली 2 तास ठेव. रवा फुगतो म्हणून 2 तास. नुसता मैदा असता तर तासाभरात भागलं असतं. पूर्वी हे पीठ पाट्यावर कुटून मऊ करायचे. तुझ्या फूड प्रोसेसरला पीठ मळायचं पातं आहे ना, त्यात फिरव. मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

आता साटा. चिरोटा चांगला होणं न होणं इथेच ठरतं, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार.

साटा म्हणजे फेसलेलं तूप आणि त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर. पोळीला हा लावून पोळीवर पोळी ठेवायची. तळताना पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती बाहेर पडायला धडपडते. दोन पोळ्यांमध्ये साटा असला तर त्या एकमेकींना चिकटत नाहीत, वाफ त्यांना अलग करते आणि पदर सुटतात. साटा नसला, किंवा पातळ होऊन वाहून गेला, की सगळ्या पोळ्या एक होतात आणि तुला जाड पुरी मिळते. एवढंच शास्त्र आहे.

तूप अर्धी वाटी घे. वितळलेलं मुळीच नको, फ्रिजमधून काढलेलं घट्टही नको. बोट सहज आत जाईल पण बोटाची खूण तशीच राहील, असं हवं. परातीत घे आणि तळहाताने गोल गोल फेस. आधी ते पिवळं असतं, मग फिकं होतं, मग पांढरंशुभ्र आणि हलकं. तेव्हा अर्धी वाटी पिठी थोडी थोडी घालत जा आणि पुन्हा फेस. झाला की नाही हे बघायला वाटीत पाणी घे आणि साट्याचा थेंब सोड. तरंगला तर त्यात पुरेशी हवा भरली. बुडाला तर फेसत राहा. मिक्सरमध्ये फेसू नकोस. तो तूप तापवतो, आणि तापलेल्या तुपात हवा टिकत नाही.

बेळगावात सासूबाई साटा फेसून ओट्यावर ठेवून निवांत पोळ्या लाटायला बसायच्या. म्हशीचं तूप ते, जरा उशिरा विरघळतं, रवाळ असतं, जागच्या जागी राहतं. इथे दुकानातलं नंदिनीचं घे नाहीतर घरी कढव, बहुतेक दूध गाईचं, म्हणून तूपही गाईचं. वास सुरेख, पण उबेला ते लगेच सैल होतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पारा 34 अंशांकडे जातो, तेव्हा परातीखाली दुसऱ्या परातीत बर्फाचं पाणी ठेव, आणि साटा कामापुरता बाहेर काढून उरलेला फ्रिजमध्ये ठेव. डिसेंबर-जानेवारीत उलट असतं. तूप इतकं थिजलेलं असतं की फेसताना मनगट भरून येतं. तेव्हा बरणी आदल्या रात्री फ्रिजबाहेर काढून ठेव आणि सकाळी ओट्याच्या उबेला तासभर. मायक्रोवेव्हमध्ये ‘दहाच सेकंद’ ठेवायचा मोह होईल. दहा सेकंदांत मध्यभागी तेल होतं आणि कडेला तूप राहतं, मग ते काही केल्या एकसारखं फेसत नाही.

पिठी की कॉर्नफ्लोअर? तुझी आई कॉर्नफ्लोअर वापरते, त्याने चिरोटे पांढरे आणि फार नाजूक होतात, हात लावला की चुरा. मला तांदळाचीच आवडते, तिला चव आहे. मात्र ती ताजी आणि वस्त्रगाळ हवी. कणी राहिली तर लाटताना पोळीला भोक पाडते. जुनी पिठी असेल तर आधी वास घेऊन बघ. तुपाचा खर्च करून खवट पिठी घालण्यात अर्थ नाही.

पोळ्या सगळ्या एका आकाराच्या आणि पारदर्शक वाटाव्या इतक्या पातळ लाट. पिठी लावून लाटायला हरकत नाही, पण वरची पिठी झटकून टाक. पहिल्या पोळीला साटा लाव, थेट कडेपर्यंत. नवशिक्या मुली मध्येच फासतात आणि कडा कोऱ्या सोडतात, मग वळकटीची टोकं तळताना घट्टच राहतात. दुसरी पोळी ठेव, साटा लाव. तिसरी ठेव, साटा लाव. तीनच पुरेत. काही जणी पाच-पाच थर करतात, बघायला छान दिसतं, पण आतले पदर कच्चे राहतात आणि जिभेला ते कळतं. दिवाळीत मधल्या पोळीला गुलाबी रंग घालायचीही पद्धत आहे. तुला हौस असेल तर घाल. मला रंगीत चिरोटा बेकरीतला वाटतो.

मग वळकटी. अगदी घट्ट, आत हवा राहता कामा नये. पहिली वळी सगळ्यांत घट्ट, बाकीच्या आपोआप तिच्यामागे येतात. शेवटची कड पाण्याचं बोट लावून चिकटव, नाहीतर कढईत वळकटी उलगडते. उन्हाळा असेल तर वळकटी फ्रिजमध्ये 15 मिनिटं ठेव, साटा पुन्हा बसतो. नंतर धारदार सुरीने दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे काप. सुरी एका दमात खाली आण, करवतीसारखी मागेपुढे करू नकोस. बोथट सुरीने पदर चिमटले जातात, आणि चिमटलेला पदर पुन्हा सुटत नाही.

गोल चिरोटा हवा असेल तर कापलेली बाजू वर ठेवून तळहाताने हलकेच दाब आणि लाटणं मधल्यामध्ये एकदोनदा फिरव. कडांवरून लाटणं जाऊ देऊ नकोस. लांबट हवा असेल तर तुकडा आडवा ठेवून लांबीच्या दिशेने एकदाच लाट. गोलात चक्र दिसतं, लांबट उभा फुलतो. पाकातले चिरोटे करायचे तर लांबट, वर पिठीसाखर भुरभुरवायची तर गोल. आमच्या घरी असंच चालत आलं आहे. त्याला कारण आहे की नाही मला माहीत नाही, पण तू बदलू नकोस. लाटलेले चिरोटे ओल्या फडक्याखाली ठेव.

तळण. हे इंडक्शनवर करू नकोस, माझं ऐक. मंद आचेवर बऱ्याच इंडक्शन शेगड्या सारख्या चालू-बंद होत राहतात, तूप कधी तापतं कधी निवतं, आणि चिरोट्याला एकसारखी मंद आच लागते. गॅसवर, जाड बुडाच्या कढईत, चार बोटं तूप घे. पिठाचा छोटा गोळा टाकून बघ. तळाशी जाऊन हळूहळू, बुडबुडे सोडत वर आला तर तूप बरोबर आहे. लगेच उसळी मारून वर आला तर जास्त तापलं. तुझ्याकडे तो काटा असलेला थर्मामीटर आहे, त्यावर 150 अंशांच्या आसपास ठेव. आच जास्त झाली की वरचा पदर आधी कडक होतो आणि आतले सुटायच्या आधीच झाकण बसतं. अगदीच कमी ठेवलीस तर चिरोटा तूप पिऊन बसतो.

एका वेळी दोन किंवा तीनच सोड. सोडलास की झाऱ्याने कडेचं गरम तूप वर उडव, सारखं, हलक्या हाताने. पदर एकेक करून उघडायला लागतात, ते बघण्यासारखं असतं, आणि तेव्हाच फोन वाजतो. घेऊ नकोस. पदर पुरते सुटल्याशिवाय उलटू नकोस. रंग बदामी होऊ द्यायचा नाही, जेमतेम मोतिया आला की पुरे. काढण्याआधी दहा-वीस सेकंद आच किंचित वाढव, म्हणजे पोटातलं तूप बाहेर येतं. काढून चाळणीत उभे ठेव. आडवे ठेवलेस तर तूप निथळत नाही आणि खालचा पदर मऊ पडतो.

सगळं साजूक तूप परवडत नाही म्हणून तेलात तळलेस तरी मी तोंड वाकडं करणार नाही. साटा मात्र तुपाचाच हवा. खरं सांगायचं तर आमच्या लहानपणी डालड्यात तळलेले चिरोटे सुंदर फुलायचे. हे वनस्पती तूप 1937 मध्ये बाजारात आलं आणि पुढची कित्येक वर्षं लग्नाच्या पंगती त्यावर निघाल्या. त्यातल्या ट्रान्स फॅटचं कळायला आपल्याला फार वेळ लागला. 2022 पासून खाद्यतेल-तुपांत ते 2 टक्क्यांच्या वर असू नये असा सरकारी नियम आहे. पण मी घरात तो डबा पुन्हा आणलेला नाही, तूही आणू नकोस.

आता पाक, आणि इथे बंगळूरची उंची आडवी येते. हे शहर समुद्रसपाटीपासून 900 मीटरच्या वर आहे. इथे पाणी 100 अंशांना नाही, 97 च्या आसपासच उकळायला लागतं. त्यामुळे मुंबईच्या मैत्रिणीने ‘पाक अमुक अंशांना उतरव’ असं सांगितलं, तर त्यातून 3 अंश वजा कर, नाहीतर पाक पुढे जाईल आणि चिरोट्यांवर साखरेचा पांढरा थर बसेल. त्याहून सोपं म्हणजे आधी साधं पाणी उकळून थर्मामीटर किती दाखवतो ते बघ, म्हणजे फरक तुझ्यासमोरच कळेल. आणि सगळ्यात सोपं म्हणजे थर्मामीटर ठेवून दे आणि बोटं वापर. साखर 2 वाट्या, पाणी 1 वाटी. दोन बोटांत एक तार येऊन ती जरा टिकायला लागली, दुसरी दिसू लागली, की उतरव. लिंबाचा अर्धा चमचा रस घाल, त्याने साखर परत दाणेदार होत नाही. केशर, वेलची तुझ्या मनाप्रमाणे.

पाक आणि चिरोटा दोन्ही गरम नसावेत. पाक कोमट-गरम आणि चिरोटा पूर्ण गार. चिरोटा बुडव, वर काढ, जाळीवर उभा कर. तू मागे तो बक्लावा आणला होतास ना, काचेच्या कपाटात मांडलेला महागडा? तोही याच कुळातला. कागदासारखी पातळ पिठाची पानं, मध्ये लोणी, वर पाक. तिथेही तोच नियम, फक्त उलटा: बक्लावा भट्टीतून गरम आणि पाक गार. आर्मेनियातल्या घरांत तो अक्रोड घालून करतात, आणि आर्मेनियन, तुर्की, ग्रीक सगळे तो आपलाच म्हणून भांडतात. आर्मेनियनांची गाता नावाची गोड पोळीही अशीच, पिठाला लोणी लावून घड्यांवर घड्या, आणि आत पीठ-लोणी-साखरेचं सारण. तिथल्या आज्याही नातींना घड्या घालायलाच शिकवत असणार.

भांडणावरून आठवलं. माझ्या वयाच्या काही मराठी बायका इथल्या चिरोटीला नाक मुरडायच्या. लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावर येते ती: मोठी, गोल, तळहाताहून मोठी, वर पिठीसाखर, आणि वाढपी तिच्यावर गरम बदामाचं दूध ओततो. ‘कुस्करून खायचा चिरोटा कसला?’ असं म्हणायच्या. मला हे पटलं नाही. इथले अडुगे भट्टरु, म्हणजे लग्नाचे आचारी, शेकडो माणसांसाठी ती करतात, पीठ नुसत्या चिरोटी रव्याचं, कुटून कुटून मऊ केलेलं, आणि पदर मात्र आपल्यासारखेच सुटलेले. दूध पडलं की खालचा भाग मऊ, वरचा कुरकुरीत. रवा घालायची अक्कल मला त्यांच्याकडूनच आली. शिवाय आपण या गावात काल आलेलो नाही. शहाजीराजांना आदिलशाहीतून बंगळूरची जहागीर मिळाली ती 1638 नंतर. आपलं मल्लेश्वरम ज्या काडू मल्लेश्वरावरून ओळखलं जातं, त्या देवाला शहाजीराजांच्या मुलाने, एकोजीराजांनी, गाव इनाम दिल्याचा 1669 चा शिलालेख आहे. एकोजीराजे पुढे तंजावरला गेले, आणि तिथल्या मराठी घरांतले कितीतरी जण आज याच शहरात राहतात. इतक्या वर्षांच्या शेजारात चिरोटा तुमचा की आमचा, हा वाद मी घालत नाही. गरम बदामाचं दूध मात्र घरी करून बघच. पाकातल्या चिरोट्यांवर नको, कोरड्यांवर.

राहिलं साठवणं. वहीत लिहिलंय, ‘डब्यात पंधरा दिवस राहतात’. बेळगावच्या दिवाळीत राहत असतील. बंगळुरात वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो आणि दिवाळी नेमकी त्याच्या शेपटाला येते. हवेत ओल असते. पिठीसाखर भुरभुरवून ठेवलेला चिरोटा इथे दोन दिवसांत दमट होतो, साखर पाणी सोडते. म्हणून आधी नुसते तळून, पूर्ण गार करून, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात कागद घालून ठेव. कोमट असताना डबा बंद केलास तर वाफ आतच राहील, मग झाकणाचा उपयोग नाही. साखर किंवा पाक ज्या दिवशी द्यायचे त्या दिवशी. पाकातले एकदा वाळले की आठवडाभर चांगले राहतात, त्यामुळे पुण्याला आत्याकडे पाठवायचे तर तेच. एकाआड एक कागद ठेव आणि डबा हातातल्या पिशवीतच दे, सामानात टाकू नकोस.

आणि एक. पहिल्यांदा करशील तेव्हा 2 वाट्या मैद्याचेच कर, त्याचे वीस-पंचवीस होतात. पहिल्या दोन-चार चिरोट्यांत आच कळते, ते घरच्यांनी खायचे. लोकांना दाखवायला म्हणून एकदम किलोभर पिठाचा घाट घालू नकोस.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सकाळीच ये. व्हाइटफील्डहून मेट्रोने मॅजेस्टिकला बदल आणि संपिगे रोडला उतर, म्हणजे ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस जाणार नाही. तूप मी आदल्या दिवशी कढवून थिजत ठेवते. येताना अर्धा किलो चिरोटी रवा घेऊन ये, आणि पाकिटावर नाव वाचून घे. बॉम्बे रवा आणलास तर आपण उपमा करू.